कडेकडेने: मिडल टेनेसीचे सीडर ग्लेड्स आणि त्यांच्या काठावरची झुडपं

नॅशव्हिलच्या आसपासच्या काउंट्यांमध्ये चुनखडीचे उघडे कातळ आहेत, त्यांना तिकडे सीडर ग्लेड म्हणतात. लोक जातात ते मधल्या उघड्या खडकावरची फुलं बघायला. मी गेले होते कडेची झुडपं बघायला, आणि आल्यापासून जो भेटेल त्याला सांगतेय की बाबांनो, कड बघा, सगळी गंमत तिथे चालू आहे.

माझं माहेर राजापूरकडचं, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठाराच्या, अगदी कडेचं. सड्यावर पावसाळ्यात काय फुलतं ते आता सगळ्यांना माहितीये, फोटो येतात सगळीकडे. पण सडा संपून रान सुरू होतं तिथला करवंदीच्या जाळ्या आणि अंजनीचा पट्टा, त्याचा फोटो कोणी काढत नाही. तर मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकएंडला आई इथे होती, नवऱ्याला सुट्टी होती, म्हटलं चला, इथल्या कातळाची कड कशी असते ते तरी बघू.

शुक्रवार

अटलांटाहून दुपारी निघालो. चॅटनूगानंतर मंटीगलचा घाट लागतो, तो उतरला की सपाटी. टेनेसीचा हा भाग सेंट्रल टाइममध्ये आहे म्हणजे तुम्हाला एक तास फुकट मिळतो, त्याचा आम्ही फायदा घेतला आणि मर्फ्रीजबरोला हॉटेलात सामान टाकून उजेडातच स्टोन्स रिव्हर बॅटलफील्डवर पोचलो. नॅशनल पार्क सर्व्हिसचं आहे, तिकीट नाही.

इथे 31 डिसेंबर 1862 ते 2 जानेवारी 1863 सिव्हिल वॉरमधली लढाई झाली, दोन्ही बाजूंचे मिळून 23 हजारांच्या वर मेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत. मला जायचं होतं ते स्लॉटर पेन नावाच्या जागेकडे. सीडरचं दाट गचपण आणि त्याच्या खाली चुनखडीला पडलेल्या कंबरेइतक्या खोल चिरा, एकापुढे एक. युनियनच्या, म्हणजे उत्तरेकडच्या सैनिकांनी त्या चिरांचाच खंदक केला आणि मागे हटायची वेळ आली तेव्हा त्यांच्या तोफा त्याच चिरांत अडकल्या. पाटीवर हे सगळं लिहिलंय, पण खरं कळतं ते तिथे चार पावलं चालल्यावर, पाय कुठे ठेवायचा हेच समजत नाही. आई एका चिरेपाशी बराच वेळ उभी होती. म्हणाली, "दगडाच्या पोटात माती बघ गो, वर काही नाही, सगळी आत." हे वाक्य पुढे सगळ्या ट्रिपभर कामाला आलं.

कारण सगळं त्यावरच चालतं. हा चुनखडक ऑर्डोव्हिशियन काळातला, म्हणजे साधारण 45 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता त्याचा तळ. पातळ थरांचा आणि आडवा पसरलेला असल्यामुळे त्यावर माती टिकत नाही. हिवाळ्यात आणि वसंतात पाणी तुंबून चिखल, जून-जुलैत तोच खडक हात लावता येणार नाही इतका तापलेला. आपला जांभ्याचा सडा आम्लधर्मी आणि हा अल्कधर्मी, झाडं वेगळी, ऋतूही उलटे, पण अडचण तीच: माती नाही, पाणी एक तर फार किंवा मुळीच नाही.

शनिवार

सकाळी लवकर सीडर्स ऑफ लेबनन स्टेट पार्क. मर्फ्रीजबरोहून 231 नंबरच्या हायवेने सरळ उत्तरेला. टेनेसीच्या स्टेट पार्क्सना प्रवेश फी नसते, हे आईला चार वेळा सांगितलं तरी तिला पटेना.

ज्याला सीडर म्हणतात ते ईस्टर्न रेडसीडर, जातीने जुनिपर. याच्या लाकडाच्या पेन्सिली व्हायच्या, एकेकाळी मिडल टेनेसी त्यासाठीच प्रसिद्ध होतं, शेल्बीव्हिल गावाला आजही पेन्सिल सिटी म्हणतात. जंगलातलं चांगलं लाकूड संपत आलं तेव्हा पेन्सिलवाले शेतकऱ्यांची जुनी सीडरची कुंपणं विकत घ्यायला लागले. 1930 च्या दशकात ही जमीन इतकी उजाड झाली होती की सरकारने ती ताब्यात घेऊन सीडर परत लावले, त्यातूनच हे पार्क. म्हणजे आता जे जंगल दिसतं त्यातलं बरंचसं माणसाने परत आणलेलं आहे.

गर्द सीडरमधून चालत जायचं आणि एकदम उजेड. समोर टेनिस कोर्टाएवढा, कुठे त्याहून मोठा करड्या खडकाचा तुकडा. आम्ही मुद्दाम मधोमध न जाता कडेने गोल फिरलो, आणि मग उलट, मधून कडेकडे चालत आलो. हा प्रयोग जरूर करा. मध्ये नुसता खडक आणि खडी, त्यात विडोज क्रॉसचे गुलाबी गुच्छ, मार्च-एप्रिलमध्ये फुलून गेलेल्या लेव्हनवर्थियाची वाळकी काड्या-पानं. (ही शरद ऋतूत रुजते, वसंतात फुलते आणि उन्हाळा बीच्या रूपात काढते. भट्टी पेटायच्या आत काम आटोपलेलं.) मग पायाखाली थोडी माती लागते तशी बारीक गवतं, निळसर-जांभळी फुलं संपत आलेली नॅशव्हिल ब्रेडरूट, जमिनीवर पसरलेली गॅटिंगर्स प्रेअरी क्लोव्हर. आणि मग गुडघ्याएवढी, कंबरेएवढी झुडपं. मग सीडर. ढोबळ हिशोब असा की माती 5 सेंटीमीटरच्या आत असेल तर वर्षभरात उरकणारी झाडं, 5 ते 20 पर्यंत गवतं आणि बहुवर्षायू फुलझाडं, 20 च्या पुढे झुडपांचं आणि सीडरचं राज्य. वीतभर माती कमी-जास्त झाली की पूर्ण वस्ती बदलते.

आता झुडपांबद्दल, कारण त्यासाठीच गेले होते.

पहिलं फ्रॅग्रंट सुमॅक. तीन-तीन पानांचं, पसरट, फार तर छातीइतकं. फळं बारीक, लव असलेली, नुकती लाल व्हायला लागलेली. पान बोटांत चुरडलं की लिंबाच्या साली आणि टर्पेंटाइनच्या मधला काहीतरी वास येतो. आईने पान हातात घेतलं, वास घेतला आणि लगेच टाकून दिलं. "हे बिब्ब्यातलं दिसतंय." मी चकितच झाले, कारण खरंच आंबा, काजू, चारोळी, बिब्बा यांच्याच कुळातलं आहे ते! तिने बॉटनीचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, आंब्याच्या चिकाने आयुष्यभर हात भाजून घेतलेत फक्त. सुमॅक त्यातलं गरीब, अंगाला काही करत नाही. पण त्याच्या शेजारी, त्याच कडेला, पॉयझन आयव्ही असते, तीही त्याच कुळातली आणि तीही तीन पानांची.

तर ही टीप नीट वाचा. मधलं पान बघायचं. पॉयझन आयव्हीच्या मधल्या पानाला चांगला लांब देठ असतो, फ्रॅग्रंट सुमॅकचं मधलं पान जवळजवळ देठाशिवाय चिकटलेलं असतं. फळं लाल आणि लव असलेली तर सुमॅक, पांढरट तर पॉयझन आयव्ही. आयव्हीचा चीक आणि बिब्ब्याचा चीक एकाच प्रकारचा, अंगावर उततो. ज्यांना पॉयझन आयव्हीचा त्रास झालाय अशा काही लोकांना आंब्याच्या सालीनेही ओठाला पुरळ येतं, तेव्हा चिकाची ॲलर्जी असलेल्यांनी इथे फुल पँट, मोजे, बंद बूट, आणि शंका आली तर हात न लावणे. गोचिडी भरपूर आहेत, चिगरही (डोळ्याला जेमतेम दिसणारे, चावणारे किडे). रात्री हॉटेलात गुडघ्यामागे, कंबरेपाशी नीट तपासा, आम्हाला नवऱ्याच्या मोज्यात दोन सापडल्या.

दुसरं ग्लेड प्रिव्हेट. दिसायला अगदी साधं, बारीक पानं, समोरासमोर, काड्या करड्या आणि वेड्यावाकड्या. फुलं तर दिसतसुद्धा नाहीत. पण एका मोठ्या ग्लेडवर या झुडपांची एक सरळ रांग दिसली, कोणी दोरी लावून लावल्यासारखी, आणि आजूबाजूला दोन्हीकडे नुसता खडक. जवळ जाऊन वाकून बघितलं तर रांगेच्या खाली खडकाला सरळ चीर, हाताची चार बोटं जातील एवढी, आणि त्या चिरेत काळी माती, सुकलेली सीडरची पानं, गोगलगाईचे शंख, आणि सगळ्या झुडपांची मुळं त्याच एका फटीत उतरलेली. शुक्रवारी आई म्हणाली होती ती दगडाच्या पोटातली माती हीच! म्हणजे कड ही कडेलाच असते असं नाही, चीर मिळाली की ती खडकाच्या मधोमध घुसते.

त्याशिवाय गोल्डन सेंट जॉन्स वर्टची पिवळीधमक फुलं, कोरलबेरीचे बुटके ताटवे, कॅरोलायना बकथॉर्न, आणि वाढ खुंटलेले विंग्ड एल्म, जे जंगलात चांगली मोठी झाडं होतात आणि इथे आपल्या कुंपणाएवढेच. रेडबडपण होता, तो आपल्या कांचनाचा नातेवाईक, पानावरून ओळखू येतो. आणि पक्षी! उघड्या ग्लेडवर एक नाही, जंगलात थोडे, आणि या झुडपांच्या पट्ट्यात नुसता कलकलाट. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप चालू ठेवलं होतं, प्रेअरी वॉर्बलर, व्हाइट-आइड व्हिरिओ, टोही, यलो-ब्रेस्टेड चॅट. प्रेअरी वॉर्बलरचा आवाज खालून वर चढत जातो, एकदा ऐकला की विसरत नाही.

जेवणाचा डबा (थालीपीठ, दही, लसणीची चटणी) सीडरच्या सावलीत खाल्ला आणि मुद्दाम चार वाजेपर्यंत थांबलो, कारण लाइमस्टोन फेमफ्लॉवर नावाचं एक चिमुकलं मांसल पानांचं झाड आहे, त्याची गुलाबी फुलं दुपारनंतर थोडेच तास उघडतात. सकाळी त्याच जागेवरून आम्ही गेलो तेव्हा काही दिसलं नव्हतं. चारला गेलो तर खडीतून बोटभर उंचीच्या दांड्यांवर गुलाबी ठिपके. नवरा पालथा पडून फोटो काढत होता, आई म्हणाली, "अहो, दगड तापलाय, उठा आता."

रात्री जेवायला नॅशव्हिल, नोलेन्सव्हिल पाइक. अमेरिकेतली सगळ्यात मोठी कुर्दिश वस्ती नॅशव्हिलला आहे, लिटल कुर्दिस्तानच म्हणतात त्या भागाला. तंदूरमधून निघालेली मोठी नान, भात, वांगं, आणि कांद्याच्या चकत्यांवर भुरभुरलेली लाल आंबट पूड. ती पूड म्हणजे सुमॅक, दिवसभर जे झुडूप बघितलं त्याचाच मध्यपूर्वेतला भाऊ. वाढणाऱ्या बाईंना मी मोबाइलवर सकाळचा फोटो दाखवला तर त्यांनी आतून आपल्या सासूबाईंना बोलावून आणलं, मग आई आणि त्या सासूबाई, दोघींची एक भाषा नाही, पण फोटो मोठा करून बोटाने पानं दाखवत दहा मिनिटं गप्पा. निघताना आईला कागदात बांधून सुमॅक दिलं. आमटीत चिंचेऐवजी टाकून बघितलंय, छान लागतं.

रविवार

पहाटेपासून गडगडाट. अकरापर्यंत धो धो. मग दुपारी मर्फ्रीजबरोत एका मीट अँड थ्रीमध्ये गेलो. एक मांसाहारी पदार्थ आणि तीन भाज्या, असं ताट. तळलेली भेंडी मिळते, आणि कॉर्नब्रेड. शाकाहारी लोकांनी चार भाज्यांचं ताट मागायचं, पण आधी विचारा, कारण टर्निपचा पाला आणि राजम्यासारखे बीन्स बहुतेक ठिकाणी पोर्क घालून शिजवतात. आईसाठी विचारलं तर दोन्हीत होतंच.

पाऊस थांबल्यावर फ्लॅट रॉक सीडर ग्लेड्स अँड बॅरन्स. ही स्टेट नॅचरल एरिया, पार्कसारख्या सोयी नाहीत, पाणी-टॉयलेट आधीच उरकून जा. ओला चुनखडक भयंकर निसरडा, काठी घ्या.

पावसाने कालचा ग्लेड ओळखू येईना. काल ज्या काळ्या, कुरकुरीत, जळलेल्या कागदासारख्या पापड्या खडकावर होत्या त्या फुगून हिरव्या-तपकिरी जेलीचे गोळे झाले होते. हे नॉस्टॉक, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, हवेतला नायट्रोजन धरतात, या नापीक खडकाला थोडंफार खत मिळतं ते यांच्याकडून. आईने लगेच ओळखलं, सड्यावर पहिल्या पावसानंतर हेच येतं आणि हेच पाय घसरवतं.

पार्किंगपाशी एक रिटायर्ड शिक्षिका भेटल्या, हातात लॉपर (फांद्या कापायची लांब दांड्यांची कात्री), पँट चिखलाने माखलेली. त्या इथे व्हॉलंटियर म्हणून येतात. मी झुडपं बघायला आलेय म्हटल्यावर त्यांनी लॉपर गाडीत टाकला आणि आमच्याबरोबरच चालत निघाल्या. खरं ज्ञान तिथे मिळालं.

मी त्यांना विचारलं की तुम्ही झुडपं कापता म्हणजे ती ग्लेडची शत्रू का? त्यांनी आम्हाला एका कडेला नेलं आणि दोन फांद्या शेजारी शेजारी धरल्या. एक ग्लेड प्रिव्हेट, इथलंच, हजारो वर्षांचं. दुसरं चायनीज प्रिव्हेट, बागेच्या कुंपणासाठी आणलेलं, बाहेर पळालेलं. त्याच्या कोवळ्या काड्यांना लव असते, पांढऱ्या फुलांचे घोस येतात, थंडीतही बरीच पानं टिकतात. इथलं झुडूप हळू वाढतं, माती नसेल तिथे थांबतं, कोरडं वर्ष आलं की मागे सरकतं. परकं तसं थांबत नाही. दुसरं तसंच बुश हनीसकल. ते नोव्हेंबरात कापायला सोपं, कारण बाकी सगळ्यांची पानं गळतात आणि हे हिरवंच राहतं, लांबून दिसतं.

आणि सीडर? तो तर इथलाच ना? तर इथलाच, पण पूर्वी आग लागायची. रेडसीडर आगीत टिकत नाही, साल पातळ. आग थांबली की तो गवताळ पट्ट्यात शिरतो, सावली करतो, मग सूर्य लागणारं सगळं मरतं. म्हणून बॅरन्समध्ये, म्हणजे या गवताळ पट्ट्यांत, ठरवून, माणसं उभी करून आग लावतात. खडकाच्या मधल्या भागाला काही करावं लागत नाही, तिथे सीडर उभाच राहू शकत नाही. सगळं काम कडेला. कारण, आणि हे वाक्य त्यांनी थांबून सांगितलं, सगळ्यात दुर्मिळ झाडं बोडक्या खडकावर नसतात, ती जिथे थोडी जास्त माती आहे पण अजून ऊन आहे तिथे असतात. पाइन्स ग्राउंड प्लम नावाची एक वनस्पती जगात फक्त याच रदरफर्ड काउंटीत आहे, 1991 पासून केंद्र सरकारच्या एंडेंजर्ड यादीत, आणि तिचीही जागा अशीच, ग्लेड आणि झाडी यांच्या मधली. म्हणजे झुडपांचा पट्टा दोन हात पुढे सरकला तर ती गेली, आणि पट्टा पूर्णच काढून टाकला तरी पक्षी गेले, माती धुपली. किती ठेवायचा आणि किती काढायचा, हे दरवर्षी गुडघ्यावर बसून ठरवावं लागतं.

सोमवार

परतीच्या आधी काउचव्हिल सीडर ग्लेड, लाँग हंटर स्टेट पार्कला लागून. छोटी, सोपी पायवाट, आईच्या गुडघ्यांना चालली. इथे यायचं ते टेनेसी कोनफ्लॉवरसाठी. जांभळट-गुलाबी पाकळ्या थोड्या वर वळलेल्या, मधला गोळा तपकिरी, आणि बहुतेक सगळी फुलं पूर्वेकडे तोंड करून. खरा बहर जूनमध्ये, आम्हाला थोडीच उघडलेली मिळाली, पण मिळाली.

या फुलाची गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्टीन गॅटिंगर हे जर्मनीहून आलेले डॉक्टर, रोगी बघता बघता टेनेसीची झाडं गोळा करायचे, त्यांनी हे एकोणिसाव्या शतकात गोळा केलं. मग ते गेलंच, लोक नामशेष समजत होते. 1960 च्या दशकाच्या शेवटी डॉ. एल्सी क्वार्टरमन यांना परत सापडलं. व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत विभागप्रमुख झालेल्या या पहिल्या बाई. ग्लेडवर मातीच्या खोलीप्रमाणे वस्त्या कशा बदलतात ते त्यांनी 1950 मध्येच मांडलं होतं, शनिवारी आम्ही जे पायाने मोजत होतो ते त्यांचंच काम. 1979 मध्ये कोनफ्लॉवर एंडेंजर्ड यादीत गेलं, जागा विकत घेतल्या, सीडर मागे हटवले, आणि 2011 मध्ये ते यादीतून बाहेर आलं. बरं होऊन बाहेर! डॉ. क्वार्टरमन यांनी ते बघितलं, त्या 2014 मध्ये वयाच्या 103 व्या वर्षी गेल्या. दर वसंतात सीडर्स ऑफ लेबननला त्यांच्या नावाने फुलांचा उत्सव होतो.

मी फुलांपाशी बसून कड बघत होते. कोनफ्लॉवर उभी होती ती गवतात, त्यांच्यामागे हातभर अंतरावर सुमॅक, त्यामागे सीडर, आणि सीडरच्या पुढच्या रांगेत ताजे कापलेले बुंधे, आतून लालसर-जांभळे, अजून पेन्सिलचा वास येणारे. फुलाला मिळणारं ऊन त्या बुंध्यांच्या जागेवरून येत होतं.

परत येताना गाडीत आई सड्याबद्दलच बोलत होती. पूर्वी गुरं चरायची, वैशाखात वणवा जायचा, जाळ्या आपोआप मर्यादेत राहायच्या. आता गुरं नाहीत, आणि दुसरीकडे कातळ फोडून, वरून माती आणून टाकून कलमं लावतात, म्हणजे कडही नाही आणि मधही नाही. आमच्या घरामागच्या सड्याचं काय झालंय ते तिने सांगितलं, ते वेगळं लिहीन.

जाणाऱ्यांसाठी: लेव्हनवर्थिया बघायची तर मार्चअखेर ते एप्रिल, कोनफ्लॉवरला जून, पण सकाळी दहाच्या आत फिरून घ्या. झुडपांचे रंग बघायचे तर ऑक्टोबर, सुमॅक लालभडक होतं म्हणे. स्टेट नॅचरल एरियात पान-बी काही तोडायचं नाही, पायवाट सोडताना खडकावरच पाय, मॉस आणि नॉस्टॉकवर नको. नोव्हेंबरात हनीसकल कापायच्या शनिवारी मी त्या बाईंना नाव देऊन आलेय. अटलांटाकडून कोणाला यायचं असेल तर गाडीत दोन जागा आहेत, जाड हातमोजे आपापले आणा.